मोकलभाऊंची यादी

साहेबांच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका साहेबांच्याच संगणकावर उघडेना, तेव्हा मी मोकलभाऊंना पहिल्यांदा पाहिलं.

रोह्याच्या त्या सरकारी कार्यालयात माझा तो तिसरा दिवस. पत्रिका साधीसुधी नव्हती. उघडली की म्हणे सनई वाजणार, फुलं पडणार, मग नवरा-नवरी चालत येणार. साहेबांनी तीनदा क्लिक केलं आणि तीनदा पडद्यावर तीच राखाडी पाटी आली, "या प्रोग्रॅमला परवानगी नाही." साहेबांनी जोरात बेल मारली. आतल्या खोलीतून एक काळेसावळे, सडपातळ गृहस्थ आले. खिशाला दोन पेनं, काखेत खाकी कव्हर घातलेली जाडजूड वही. त्यांनी साहेबांकडे बघितलंच नाही. पाटी वाचली, वही उघडली, बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि वही मिटली.

"यादीत नाय, साहेब."

"अहो मोकल, माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न आहे!"

"भाची हाय ना साहेब. पत्रिका नाय."

आणि ते निघून गेले. साहेबांनी शेवटी पत्रिका मोबाइलवर बघितली. लग्नाला मोकलभाऊंना बोलावलं नाही, एवढंच.

आमच्या कार्यालयात मोकलभाऊ तांत्रिक सहायक होते. म्हणजे संगणक बिघडला की त्यांना हाक मारायची. पण त्यांचं खरं काम ती यादी. कार्यालयातल्या संगणकांवर कोणकोणते प्रोग्रॅम चालू शकतात हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्या यादीत नाव असेल तर चालणार, नसेल तर राखाडी पाटी. मग तो प्रोग्रॅम चांगला असो, वाईट असो, जिल्ह्याहून आलेला असो.

मी एकदा विचारलं, "पण भाऊ, व्हायरस पकडायला अँटिव्हायरस आहे ना आपल्याकडे?"

"त्याच्याकडं चोरांची यादी असते, बाय." पेणच्या खाडीकडची ही माणसं बहिणीला, लेकीला बाय म्हणतात. मी कारकून, वयाने सत्तेचाळीस, तरी मी त्यांची बायच. "चोरांची यादी कदी पुरी झालीय? रोज नवीन जन्माला येतो. त्यापेक्षा घरातली माणसं मोजावी. मोजून सात. ती लिवून काढली, दार लावला, झाला."

मोकलभाऊंचे वडील मिठागरावर होते. त्यामुळे सगळं समजावताना ते बांधावर येत. बांध घातला की भरतीला विचारत बसायचं नाही की बाई तू चांगल्या मनाने आलीस का. बांधाला पाणी ये-जा करायला एक उघाडी ठेवायची, तिची झडप आपल्या हातात ठेवायची. एवढं बोलून ते आपल्या हाताकडे बघत, जणू झडप तिथेच आहे.

कार्यालयात त्यांचं कौतुक कोणालाच नव्हतं. आमचे हेडक्लार्क जाधव कुंडल्या मांडायचे. त्यांचं कुंडलीचं सॉफ्टवेअर मोकलभाऊंनी अडवलं तेव्हापासून ते सांगत सुटले, "माझ्या दशमात मोकल बसलाय." जाधवांनीच मग एक युक्ती काढली. पत्ते खेळायचा प्रोग्रॅम कुठूनसा आणला आणि त्याला पत्रं टाइप करायच्या प्रोग्रॅमचं नाव दिलं, जो यादीत होता. आम्ही सगळे त्यांच्या खुर्चीमागे उभे. जाधवांनी क्लिक केलं. राखाडी पाटी!

मोकलभाऊ दारातच होते. "नाव बदलून आला?" ते म्हणाले. "अंगठा पन बदलून आन."

तेव्हा कळलं की यादीत नुसती नावं नव्हती. प्रत्येक प्रोग्रॅमचा एक भलामोठा आकडा असतो, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा. आत एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा बदलतो. यंत्र तो स्वतःच ताडून बघतं, पण मोकलभाऊंचा यंत्रावरही पूर्ण विश्वास नव्हता. नवीन काही यादीत घ्यायचं झालं की ते वहीत पट्टी ठेवून तो चौसष्ट अक्षरांचा आकडा मोठ्याने वाचत आणि मला पडद्यावर ताडायला बसवत. "सात, सी, शून्य, शून्य, ई..." वऱ्हांड्यात थांबलेल्या लोकांना वाटायचं, आत कसली तरी पोथी चाललीय.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण एक काम असं झालं की त्यानंतर मी त्यांना हसणं सोडलं.

एका पावसाळ्यात कुंडलिका नदीचं पाणी आमच्या तळमजल्यावरच्या जुन्या दप्तरखान्यात शिरलं. पुलापलीकडच्या अष्टमी गावातले दुकानदार आपापली पोती उपसत होते आणि आम्ही कागद. चिखलाने एकमेकांना चिकटलेले गठ्ठे. बरेचसे टाकायचे असंच ठरलं होतं. मोकलभाऊंनी घरून इस्त्री आणली. ओल्या कागदावर वर्तमानपत्र ठेवायचं, हलकी इस्त्री फिरवायची, कागद सुटा करायचा आणि लगेच स्कॅन. सहा महिने आम्ही दोघं हेच करत होतो. काही कागद स्कॅन होईपर्यंत टिकले आणि उचलताना हातात भुगा झाले.

त्यात यमुनाबाई वाघमारेंचे चार कागद होते. यमुनाबाई डोंगरातल्या कातकरी वाडीवरची विधवा. त्यांचा सासरा जंगलात नाचणी पिकवायचा म्हणून त्याला पूर्वी दंड झाला होता, त्याच्या चार पावत्या. आता वनहक्काच्या दाव्यात त्याच पावत्या पुरावा होत्या. तुमच्या माणसाने इथे जमीन कसली होती हे सरकारनेच दंड करून लिहून ठेवलेलं. पावत्या स्कॅन झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा लगदा झाला. मोकलभाऊंनी पडद्यावर त्या यमुनाबाईंना दाखवल्या. यमुनाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी काचेला बोट लावून बघितलं.

"हिकडं ऱ्हाईल ना नीट?"

"ऱ्हाईल," मोकलभाऊ म्हणाले. "मी हाय."

मग साहेब बदलले. नवे साहेब तरुण, उत्साही, माणूस वाईट नव्हता. त्यांनी दाखले वाटपाचं मोठं शिबिर ठरवलं. मंडप, पाहुणे, प्रत्येकाला फोटोसकट छापील कार्ड. कार्डं छापायला एक ठेकेदार आला, आपलं सॉफ्टवेअर घेऊन. अर्थातच राखाडी पाटी.

मोकलभाऊ म्हणाले, "चार दिवस द्या. वेगळ्या मशीनवर बघतो, मग यादीत घेतो."

"शिबिर परवा आहे, मोकल."

"मग लेखी द्या."

साहेबांनी लेखी दिलं. आवक-जावक माझ्याकडे असल्यामुळे तो कागद माझ्याच हातून गेला. "आवश्यक ती सर्व खबरदारी घेऊन यादी तात्पुरती शिथिल करण्यात यावी." मोकलभाऊंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाय, झडप उघडी ठेवायची आन पानी येऊ द्यायचा नाय, असा लिवलाय." तरी हुकूम तो हुकूम. गुरुवारी दुपारी त्यांनी यादी बंद केली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शिबिर छान झालं. शुक्रवारी मोकलभाऊ यादी पुन्हा चालू करायला गेले तर साहेब म्हणाले, अजून दीडशे कार्डं राहिलीत, सोमवारी करा.

आणि त्या शुक्रवारी मी काय केलं ते आता सांगते.

माझ्या मुलीचा प्रवेशाचा अर्ज छापायचा होता. पेणला आमच्या घराजवळच्या सायबर कॅफेचा प्रिंटर बंद होता, म्हणून त्याने अर्ज पेनड्राइव्हवर दिला. याआधीही मी एकदोनदा असा पेनड्राइव्ह लावून पाहिला होता आणि राखाडी पाटीने मला हाकलून दिलं होतं. त्या दिवशी मी फोल्डरवर क्लिक केलं. काहीच झालं नाही. पुन्हा क्लिक केलं, आणि फोल्डर उघडलं. अर्ज छापला. मला इतका आनंद झाला की मी जाधवांना म्हटलं, "बघा, आज पहिल्यांदा या मशीनने माझं ऐकलं!"

सोमवारी सकाळी एकही फाइल उघडेना. नावं तीच, पण प्रत्येक नावाला मागे एक विचित्र शेपूट लागलेलं. पडद्यावर इंग्रजीत खंडणीची धमकी, फायलींना कुलूप लावलंय, पैसे भरा, मगच उघडू. स्कॅन केलेल्या सगळ्या कागदांची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर असायची, पण शिबिरासाठी जुने फोटो काढायचे म्हणून कोणीतरी ती डिस्क जोडली होती आणि ती तशीच राहिली होती. तिच्यातही तेच.

मोकलभाऊ एकेका टेबलाशी जाऊन वाकून बघत होते. माझ्या टेबलाशी ते जरा जास्त वेळ थांबले. खाली बसून त्यांनी काहीतरी तपासलं, मग उठले आणि मला म्हणाले, "बाय, पानी आना जरा." मी पाणी आणलं. ते प्यायले नाहीत, पेला हातात धरून उभे राहिले.

जिल्ह्याहून चौकशीला माणसं आली. आम्हाला एकेकाला आत बोलावलं. मी सांगितलं, मला काही माहीत नाही, आणि तेव्हा ते खरंच होतं. मोकलभाऊंना विचारलं, सुरुवात कोणत्या संगणकापासून झाली? ते म्हणाले, "सांगता येत नाय साहेब. नोंदी पन कुलपात गेल्या." यादी कोणी बंद केली? "मी." आदेश होता? होता. त्यात "आवश्यक ती सर्व खबरदारी घेऊन" असं लिहिलं होतं ना? होतं. मग काय खबरदारी घेतलीत?

निष्कर्ष एका पानाचा निघाला. मोकलभाऊंना संगणकापासून दूर करून स्टेशनरीच्या कोठीत बसवलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. फायली परत आल्या नाहीत. यादीही परत आली नाही. नवा, महागडा अँटिव्हायरस आला, आणि यादीमुळे लोकांच्या कामात अडथळा येतो असं ठरलं. आता आमच्याकडे कुंडल्याही मांडता येतात.

यमुनाबाई दर आठवड्याला येत राहिल्या. नव्या माणसाने त्यांना सांगितलं, तुमचा कागद गेला. त्या कोठीत मोकलभाऊंकडे गेल्या. मी तिथे रजिस्टर घ्यायला गेले होते.

"भाऊ, कागद गेला म्हंजे कुटं गेला?"

"गेला नाय. हाय तिथंच. पन कुलूप लागलाय."

"मंग तोडा की कुलूप."

मोकलभाऊ पुढ्यातली पेनं खोक्यात भरू लागले.

"तुमी म्हनला व्हता, मी हाय."

"व्हय," मोकलभाऊ म्हणाले. "म्हनला व्हता."

यमुनाबाई बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिल्या आणि मग चालू लागल्या. पुढे पुराव्याअभावी त्यांचा दावा फेटाळला गेला. त्यानंतर त्या आमच्या कार्यालयात आल्या नाहीत.

दोन-अडीच महिन्यांनी पेणच्या सायबर कॅफेवाल्याने मला रस्त्यात गाठलं. "ताई, तो पेनड्राइव्ह फेकून द्या हं. माझ्याच मशीनमधून त्यात घाण गेली होती. माझे तीनही संगणक गेले. तुमच्याकडे काही झालं नाही ना?"

मी त्याला काही झालं नाही म्हणाले. घरी गेले, भाजी निवडायला बसले आणि निवडलेलीच पानं पुन्हा निवडत राहिले. ते पहिलं क्लिक, ज्याने काहीच झालं नाही असं मला वाटलं होतं, ते फोल्डरवर नव्हतंच, फोल्डरचं सोंग घेतलेल्या प्रोग्रॅमवर होतं. मग मला मोकलभाऊंचं माझ्या टेबलाखाली वाकणं आठवलं, आणि ते पाणी.

सोमवारी मी सगळं लिहून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी शांतपणे वाचलं. दार लोटून घेतलं.

"बाई, चौकशी संपलीय. फाइल बंद झालीय. आता हे मी कुठे पाठवू? पुन्हा सगळं उघडायचं, त्यात तुम्हीही जाणार, मीही जाणार. मोकलांचं थोडंच राहिलंय."

कागद त्यांनी घडी घालून माझ्या हातात दिला. आणि मी तो घेतला. हे मला लिहायला हवं. मी भांडले नाही. मी तो घेतला, पर्समध्ये ठेवला आणि जागेवर येऊन आवकची नोंद करू लागले.

रविवारी मात्र राहवेना. मोकलभाऊंचं गाव पेणपासून खाडीकडे, रिक्षाने अर्धा तास. ते घरी एकटेच होते. बायको पाच-सहा वर्षांपूर्वी गेली, हे मला तिथे भिंतीवरचा फोटो बघून कळलं. इतकी वर्षं शेजारी बसून मी कधी विचारलं नव्हतं. ते इस्त्रीचा सदरा घालून कुठेतरी निघाले होते.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. सगळं. ते चपला शोधत होते.

"मला समजला व्हता, बाय. त्याच दिवशी. तुमच्या मशीनवर खूण व्हती."

"मग सांगितलं का नाहीत? तुमच्या नावावर सगळं गेलं, भाऊ!"

"तुमची अकरा वर्सं नोकरी हाय अजून. पोरगी शिकतेय." मग चपला पायात सरकवत म्हणाले, "मला जित्याला जायाचा हाय. गाडी चुकंल. येताव काय?"

का कोण जाणे, मी गेले. पेणहून जिते दोन स्टेशनं. गाडीत ते खिडकीबाहेर बघत बोलले.

रोह्याच्या आधी ते पेणलाच एका कार्यालयात होते. तिथे घरत नावाचे एक लिपिक. दोघं एका डब्यातून जेवणारे. घरतांनी एक दिवस बिल समजून एक फाइल उघडली आणि सगळे संगणक बसले. चौकशीत मोकलभाऊंना विचारलं, कोणाचं मशीन? त्यांनी सांगितलं, घरतांचं. "खरा तोच सांगितला. लपवायचा कशाला, असा वाटला." घरत निलंबित झाले. चार महिन्यांनी त्यांना परत घेतलं, पण ते कामावर आलेच नाहीत. लोक हसतील म्हणून घराबाहेर पडेनात. पुढे बोलणंच सोडलं. घरातल्यांशी लागेल तेवढंच, मोकलभाऊंशी अजिबात नाही.

"मानूस चुकनारच की, बाय. दिवसभर बसतो, थकतो, पोराबाळांच्या काळजीत असतो. नको तिथं बोट पडतोच. तो चुकला तरी काय होऊ नये, म्हनून यादी आनली. मशीन वाचवायला नाय आनली. लोकांना वाटला, मोकल आडवा येतो."

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

जित्याला घरतांचं घर स्टेशनपासून जवळच. ओट्यावर लाकडी बाकावर एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मोकलभाऊ बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मी पायरीवर. घरतवहिनींनी पाण्याचे तांबे आणून ठेवले आणि आत गेल्या.

मोकलभाऊ बोलू लागले. एकटेच. खाडीचा बांध फुटून परत खांड पडलीय. अमक्याचा पोरगा कंपनीत लागला, त्याला तिन्ही शिफ्ट करायला लागतात. वाल यंदा बरा आलाय. घरत रस्त्याकडेच बघत होते. मान हलली नाही, पापणीसुद्धा नीट लवत नव्हती. तासभर हे चाललं. मला ऐकवेना. मध्ये एकदा मोकलभाऊंनी यमुनाबाईंचं सांगितलं, कागद कसे वाळवले, कसे गेले. आपलं काय झालं ते सांगितलं नाही. मग ते उठले, "येतो रे," म्हणाले आणि आम्ही निघालो.

स्टेशनावर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "दर रविवारी येता?"

"एक आड एक."

"आणि ते कधीच बोलत नाहीत?"

"नाय."

"मग कशाला येता, भाऊ?"

मोकलभाऊंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. आपटा स्टेशनच्या बाजूने गाडीचा आवाज यायला लागला होता.

"पयली चार वर्सं मला बघितला की उठून आत जायचा," ते म्हणाले. "आता जात नाय. बसून ऱ्हातो."